वाचकांचे प्रश्न : आई-आजीच्या आठवणी जपायच्या कशा?

घरातली भजन-पूजन करणारी, दारी आलेल्याला जेवू घालणारी, गावाच्या अडीनडीला धावणारी आई किंवा आजी गेली, की तिच्या मागे वह्या, कॅसेट, भांडी, लुगडी आणि तिने लावून ठेवलेले नेमधर्म उरतात. त्यांचे काय करावे, याविषयी आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न घेतले आहेत. काही पत्रांचा आशय एकच होता, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : आजीच्या अभंग-गवळणींच्या सात-आठ वह्या आहेत. पाने पिवळी पडून तुटायला लागली आहेत, काही ठिकाणी कसर लागली आहे. लॅमिनेशन करून घ्यावे का? (वाचक, वाई)

उत्तर : लॅमिनेशन अजिबात करू नका. त्यात प्लॅस्टिक उष्णतेने कागदाला चिकटते आणि पुढे ते कोणालाही सुखरूप सोडवता येत नाही. आतला आम्लधर्मी कागद तसाच कुजत राहतो. तेच चिकटपट्टीचे. चार-पाच वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन अक्षरांत उतरतो, पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. आधीच लावलेली पट्टी ओढून काढायला जाऊ नका, अक्षर सोबत येईल. पान फाटलेच असेल तर पातळ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरतात. ते जमणार नसेल तर फाटके पान नुसते कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवा, तेवढे पुरे.

आधी किडीचा बंदोबस्त. वह्या उन्हात टाकायची आपल्याकडे सवय आहे, पण उन्हाने शाई उडते आणि कागद कडक होतो. त्याऐवजी प्रत्येक वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड पक्के बंद करा आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवा. तापमान उणे १८ अंशांच्या आसपास हवे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण एक दिवस तशीच खोलीत राहू द्या, नाहीतर थंड कागदावर दव धरते आणि दौतीची शाई पसरते. नंतर मऊ, कोरड्या ब्रशने शिवणीतली धूळ आणि अंडी झाडा. डांबरगोळ्या कागदाजवळ नकोत. पावसाळ्यात वह्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, बुरशी तिथूनच येते.

मग छायाप्रत. पानांना आधी शिसपेन्सिलीने खालच्या कोपऱ्यात हलके क्रमांक घाला. कोरी पाने आणि मुखपृष्ठही मोजा. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरतो, पुसट शिसपेन्सिलीच्या लिखाणाला ६००. रंगीतच स्कॅन करा, कारण काळ्या-पांढऱ्यात डाग आणि अनुस्वार सारखेच दिसतात. वहीची शिवण ढिली असेल तर ती स्कॅनरवर दाबून उलटी ठेवू नका. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी वही ठेवून वरून मोबाइलने फोटो घ्या. मोबाइल स्टँडवर, पानाशी समांतर. फाइलला नाव असे द्या की दहा वर्षांनी कळेल : ‘आजी-वही३-पान०१७’. मोबाइलने आपोआप दिलेल्या आकड्यांवर विसंबून राहिलेल्या घरांत पुढे कोणते पान कोणत्या वहीचे, याचा मेळच लागत नाही.

शेवटचे काम उतरवून घेण्याचे, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. आजीच्या वहीतला पाठ आणि छापील गाथेतला पाठ जुळत नाही असे दिसले, की घरातले जाणते ‘दुरुस्ती’ करतात. करू नका. तुकोबांच्या शासकीय गाथेत ४६०७ अभंग आहेत. आजीचा एखादा अभंग त्यांत सापडणार नाही किंवा वेगळ्या शब्दांत सापडेल. तो तिने कोणाकडून ऐकला, कोणत्या भजनी मंडळात म्हटला, याचा माग त्या वेगळेपणातच असतो. तिचा पाठ जसाच्या तसा, तिच्या ऱ्हस्व-दीर्घासह लिहा. छापील पाठ शेजारच्या रकान्यात द्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती अनेक प्रती जमवून. आपल्याजवळ एकच प्रत आहे, तेव्हा तो अधिकार आपला नाही.

प्रश्न : आई ८४ वर्षांची आहे. जात्यावरच्या ओव्या तिला अजून येतात, पण ‘म्हण’ म्हटले की आठवत नाहीत. मी परदेशी असतो, दोन आठवड्यांसाठी येणार आहे. ध्वनिमुद्रण कसे करावे? वडिलांनी १९८०च्या सुमारास भरलेल्या दोन कॅसेटही आहेत. (वाचक, टोरांटो)

उत्तर : ओवी हाताच्या फेऱ्यावर बांधलेली असते. नुसते खुर्चीत बसवून विचारले तर न आठवणे साहजिकच आहे. घरात किंवा शेजारी जाते असेल तर मांडा, मूठभर ज्वारी घाला आणि खुंटा त्यांच्या हाती द्या. जोर दुसऱ्या कोणी लावला तरी चालेल. समवयस्क जाऊ किंवा नणंद सोबत असेल तर फारच चांगले, कारण एकीने सोडलेली ओवी दुसरी उचलते. विचारतानाही ‘ओव्या म्हण’ नको. ‘पंढरीच्या म्हण’, ‘भाऊरायाच्या म्हण’, ‘लेक सासरी निघाल्याच्या म्हण’ असे विषय द्या.

मोबाइल पुरेसा आहे. एअरप्लेन मोडवर टाका. ध्वनिमुद्रणाच्या ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही हा प्रकार निवडा. तो नसेल तर उपलब्ध असलेला सर्वांत वरचा दर्जा घ्या. फोन तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर, जात्याच्या बाजूला नव्हे, आईच्या बाजूला, जमिनीवर चौघडी गोधडीवर ठेवा. जमिनीवर नुसता ठेवला तर जात्याची घरघर फरशीतून थेट आत जाते. पंखा, फ्रिज आणि कुकर बंद. जाते फार मोठ्याने वाजत असेल तर एकदा जात्यासह आणि मग तीच ओवी जात्याशिवाय, अशी दोनदा घ्या. सुरुवातीला तारीख, गाव, आईचे माहेरचे आणि सासरचे नाव मोठ्याने बोला. फाइलचे नाव बदलले तरी ही ओळख आतच राहते.

एका बैठकीला २० ते ३० मिनिटे पुरे. या वयात घसा कोरडा पडतो आणि थकल्यावर ओव्या मिसळतात. मध्येच ‘वा वा’ म्हणू नका, चूक वाटली तरी टोकू नका. अर्थ, नात्यांची नावे, ओवी कोणाकडून आली हे सगळे शेवटी विचारा, तेही मुद्रण चालू ठेवूनच. दोन आठवड्यांत सकाळच्या सहा-सात बैठका झाल्या तर भरपूर होईल. तुम्ही परतल्यावरचे काम व्हिडिओ कॉलवर करू नका. कॉलमध्ये आवाज दाबला जातो. तिकडच्या भाचीला-पुतणीला शिकवून जा, तिने तिथेच मुद्रण करावे आणि तुम्हाला मूळ फाइल पाठवावी. फाइलच्या तीन प्रती ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी किंवा देशात असू द्या.

हे काम घरापुरतेच राहील असे समजू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आज ऐकता-वाचता येतात. तिथली मांडणी बघा : ओवी, गाव, गाणारीचे नाव, विषय. आपली वही त्याच धर्तीवर केलीत तर पुढे अभ्यासकालाही उपयोगी पडेल. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये छापली गेली, ती सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने त्या म्हणत असताना उतरवून ठेवली होती म्हणून. बहिणाबाई १९५१च्या डिसेंबरात गेल्या. वही नसती तर पुढे काही उरले नसते.

कॅसेटचे : वाजवण्याआधी मागच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे दात मोडलेले नसतील तर मोडा. ते शाबूत असताना चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तर जुना आवाज पुसला जातो. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती घरच्या यंत्रात घालू नका, सरळ व्यावसायिकाकडे द्या. फीत स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे चिकटलेले वेटोळे सुटतात. यंत्राचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटे चालते आणि तेवढाच वेळ लागतो, घाईची वाट नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते, ती वारंवार मागेपुढे करू नका.

प्रश्न : आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला स्मरणपुस्तिका काढायची आहे. नातेवाइकांना लेख मागितले आहेत. पाने किती, खर्च कुठे वाचवावा, काय टाळावे? (वाचिका, बार्शी)

उत्तर : ‘आईविषयी काहीतरी लिहा’ असे सांगितले असेल तर आताच दुसरा निरोप धाडा. अशा निरोपावर वीस लेख येतात आणि विसांतही ती प्रेमळ, कष्टाळू, देवभोळी, अन्नपूर्णा असते. चार लेखांनंतर कोणी वाचत नाही. प्रत्येकाला वेगळा, नेमका प्रश्न द्या. थोरल्या जावेला : पहाटे उठल्यापासून देवपूजा होईपर्यंत त्या काय काय करत, कोणत्या क्रमाने? भावाला : माहेरी कोणती शाळा, कितवीपर्यंत, शाळा का सुटली? शेजारणीला : आजारपणात-बाळंतपणात त्या कोणाकोणाकडे गेल्या, सोबत काय नेत? भजनी मंडळाला : त्यांचा ठरलेला अभंग कोणता, चाल कोणाची, टाळ की मृदंग? नातवाला : त्यांच्या हातची कोणती गोष्ट आता घरात कोणालाच जमत नाही? शब्दमर्यादा २५०, आणि ती पाळा. लेखापेक्षा बोलणे सोपे जाणाऱ्या माणसांचे बोलणे मुद्रित करून उतरवा. सर्वांत चांगला मजकूर बहुधा तिथूनच येतो.

पहिल्या पानावर तपशील : जन्माचे गाव, आई-वडिलांची नावे, माहेरचे पूर्ण नाव, लग्नाची तारीख, सासरचे नाव, मृत्यूची तारीख आणि तिथी. माहेरचे नाव अनेक पुस्तिकांत नसतेच. लग्नात नाव बदललेल्या बाईचे पहिले १८-२० वर्षांचे आयुष्य असे एका ओळीअभावी पुसले जाते. जुन्या कागदात शकसंवत्सर असेल तर त्यात ७८ मिळवा. तारीख १ जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीची असेल तर ७९. म्हणजे शके १८६२चा वैशाख १९४० मध्ये आणि फाल्गुन १९४१ मध्ये येतो. नावाआधी वारकरी घरात ‘वै.’ लावतात, इतरत्र ‘कै.’. ‘गं. भा.’ मात्र आता सोडून द्यावे असे आमचे मत आहे, ‘श्रीमती’ पुरते.

आता छपाई. मधोमध पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. घरगुती पुस्तिकेला ३२ किंवा ४० पाने योग्य, ६४च्या वर पिन नीट बसत नाही. आकार डेमी अष्टमांश, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. आत ८० जीएसएम (कागदाच्या जाडी-वजनाचे माप) मॅपलिथो, मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड. आतही गुळगुळीत आर्ट पेपर वापरायचा आग्रह छापखाना करेल. फोटो उठून दिसतात हे खरे, पण खर्च वाढतो आणि ट्यूबलाइटखाली वयस्कर डोळ्यांना चकाकी त्रास देते. रंगीत फोटो मधल्या चार पानांत एकत्र घ्या, बाकी सगळे एकरंगी ठेवा. खर्च वाचतो तो इथे. अक्षर १३-१४ पॉइंटांपेक्षा लहान नको, वाचणारे अर्धे लोक साठीच्या पुढचे आहेत.

फोटो छापायच्या आकाराला ३०० डीपीआय हवेत. पाच इंच रुंद छापायचा तर किमान १५०० पिक्सेल रुंदी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबलेला असतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा किंवा मूळ कागदी फोटोच स्कॅन करा. अल्बममधल्या काचेसारख्या कागदाखाली चिकटलेला फोटो उपटू नका, पानासकट स्कॅन करा.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. काही छापखाने अजून जुन्या फाँटांवर काम करतात. मजकूर तिकडून इकडे बदलताना ‘ऱ्या’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ आणि रफार हटकून बिघडतात. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर मांडणाऱ्याने ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर चालू केला नाही तर वेलांट्या-जोडाक्षरे विखुरतात. मुद्रितशोधन पडद्यावर नको. कागदावर छापून दोन वेगवेगळ्या माणसांनी करावे, आणि एक जण असा असावा की जो घरचा नाही. घरचा माणूस नाव चुकले तरी बरोबरच वाचतो. नातेवाइकांची यादी मात्र घरच्याच ज्येष्ठ बाईकडून तपासा. सुनांचा-जावयांचा क्रम चुकला, एखादे नातवंड राहिले, की पुस्तिका बाजूला राहते आणि रुसवा दहा वर्षे चालतो.

वेळ : आठ आठवडे धरा. तीन मजकूर जमवायला, दोन टंकलेखन-संपादनाला, एक मांडणीला, एक शोधनाला, एक छपाईला. वर्षश्राद्ध तिथीने करणार असाल तर आधी पंचांग पाहा. तीच तिथी पुढच्या वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते, मध्ये अधिक महिना आला तर १८-१९ दिवस पलीकडे जाते. तारखेने हिशेब धरून पुस्तिका उशिरा हाती आल्याच्या तक्रारी दरवर्षी ऐकू येतात. प्रतींचा अंदाज घरांवर बांधा, माणसांवर नाही.

प्रश्न : सासूबाई दरवर्षी माउलींच्या पालखीतल्या वारकऱ्यांना जेवण घालायच्या. आम्हाला ते पुढे चालू ठेवायचे आहे, पण अनुभव नाही. शंभर माणसांचे प्रमाण सांगाल का? (वाचिका, सासवड)

उत्तर : रस्त्याच्या कडेला शिजवलेले अन्न वाटण्यापेक्षा एखाद्या दिंडीला पंगत द्या. वाटेवर त्याच तासाला दहा ठिकाणी वाटप चालू असते. वारकरी नाही म्हणत नाही, आणि अर्धे अन्न पुढच्या वळणावर पडते. दिंडीचा स्वतःचा ट्रक, आचारी आणि भिशी, म्हणजे सामायिक जेवणाची सोय असते. कोणत्या मुक्कामाला कोणाची पंगत हे आधी ठरलेले असते, म्हणून चैत्र-वैशाखातच दिंडीचालकांशी बोलून ठेवा. सासूबाईंची कोणती दिंडी ठरलेली होती ते आधी शोधा. दिंडीचा क्रमांक आणि ती रथापुढची की रथामागची एवढे कळले तरी पत्ता लागतो. अनुभव नसताना पहिल्या वर्षी शिधा द्या आणि वाढायला उभे राहा, शिजवू द्या त्यांच्या आचाऱ्याला.

तिथी पाहा. माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकादशी येते, आणि तेव्हा पालखी बहुधा तुमच्याच भागात असते. त्या दिवशी भाकरी-पिठले केलेत तर कोणी हात लावणार नाही.

एकादशीला शंभर माणसांना साबुदाण्याची खिचडी : साबुदाणा ९ किलो, दाण्याचे कूट ४ ते साडेचार किलो, बटाटे ४ किलो, हिरवी मिरची अर्धा किलो, तूप किंवा शेंगदाणा तेल पावणेदोन किलो, जिरे १५० ग्रॅम, मीठ २०० ते २२५ ग्रॅम, साखर पाव किलो. साबुदाणा धुऊन, पाणी जेमतेम वर राहील एवढेच ठेवून रात्रभर भिजवा. दाणा चिमटीत पूर्ण दबला पाहिजे. मधोमध कण लागला तर अजून तासभर थांबा. पाणी जास्त झाले तर खिचडीचा गोळा होतो, आणि नऊ किलो एकाच कढईत परतायला गेलात तरीही होतोच, कारण खालचा थर वरच्या वजनाने दबून चिकट होतो. तीन-तीन किलोचे घाणे काढा. कूट भिजलेल्या साबुदाण्यात आधी कोरडेच कालवून घ्या, दाणे सुटे राहतात. दाणे त्याच आठवड्यातले भाजलेले हवेत. जुने कूट खवट लागते आणि ती चव कशानेच झाकत नाही. तीन तासांत संपेल एवढेच करा. उबदार, दमट हवेत झाकून ठेवलेली खिचडी लवकर आंबते.

इतर दिवशी : माणशी दोन भाकऱ्या धरून ज्वारी किंवा बाजरीचे पीठ १८ ते २० किलो, पिठल्याला बेसन ४ किलो, तांदूळ ६ किलो, आमटीला तूरडाळ ३ किलो, ठेच्याला मिरची एक किलो. कांदा-लसूण घालू नका, अनेक माळकरी खात नाहीत आणि पंगतीत वेगळे पातेले सांभाळणे अवघड जाते. हिंग, जिरे, कोथिंबीर यांवर पिठले उत्तम होते. अडचण पिठाची नसते, हातांची असते. एक सराईत बाई तासाला २० ते २५ भाकऱ्या करते, म्हणजे दोनशे भाकऱ्यांना पाच जणी आणि दोन तास. ताटे-पेले वारकऱ्यांजवळ असतात. प्लॅस्टिकचे पेले आणून गावात कचरा करू नका.

प्रश्न : आजीची तांब्या-पितळेची भांडी, देवघर आणि नऊवारी लुगडी आहेत. तिघा भावंडांत वाटणी व्हायची आहे. भांडी मोडीत द्यावीत असे एकाचे म्हणणे आहे. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मोडीत द्यायची तर द्या, पण त्याआधी प्रत्येक भांडे पालथे घालून काठ आणि बूड बघा. भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती : कोणी, कोणाला, कोणत्या लग्नात किंवा बारशाला, कधी दिले. ज्या घरात कागदाचा चिटोरा नाही तिथे आजीच्या लग्नाचे साल घंगाळावर सापडते. अक्षरे ठिपक्याठिपक्यांची असतात आणि वर्षानुवर्षे चिंच-राख, पितांबरीने घासून झिजलेली असतात. घासून चमकवून फोटो काढू नका. खोलीत अंधार करून विजेरी अगदी आडवी धरा, सावलीने अक्षर उठते. तेही जमले नाही तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासा. नाव असलेली भांडी ठेवा, कोरी विका.

देवघरातले देव वाटताना पद्धत विचारा. कुलदैवतांचे टाक बहुतेक घरांत एकाच ठिकाणी राहतात आणि कुळाचार जो चालवणार त्याच्याकडे जातात. आजीने माहेरून आणलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण लेकीला किंवा नातीला देता येतात, आणि आमच्या मते तेच रास्त. टाक झिजले असतील तर सोनाराकडून त्याच चांदीत नवे करून घेतात, मात्र जुन्याचा फोटो आधी घ्या, कारण आयुधे आणि वाहन यांवरून दैवत ओळखतात. तसबिरी नदीत सोडू नका. काच आणि चौकट वेगळी करा, कागद भिजवून त्याचा लगदा झाडाच्या मुळाशी घाला. तुळशीची माळ अनेक घरांत देहासोबतच जाते. मागे राहिली असेल तर कोरड्या सुती पिशवीत ठेवा.

लुगड्यांपैकी सुती लुगड्यांची गोधडी करा, रेशमी-जरीची नको. सुती, रेशमी आणि कृत्रिम धागा एका गोधडीत घातला तर पहिल्याच धुण्यात सुती आक्रसते आणि बाकीचे फुगते. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. तिचे दोन मीटरचे चार तुकडे पडतात. दोन तुकडे शेजारी जोडले की दुहेरी अंथरुणाचा एक थर होतो, म्हणजे एका लुगड्यात दोन थर. तीन लुगड्यांची सहा थरांची गोधडी होते. शिवायच्या आधी सगळी धुऊन घ्या, धावदोरा कडेपासून आत आत घाला, मधून सुरुवात केली तर कापड कडेला गोळा होते. तिघा भावंडांना तीन हव्या असतील तर प्रत्येकीत प्रत्येक लुगड्याचा तुकडा येईल असे कापा, नंतर वाद होत नाहीत. जरीची लुगडी मलमलमध्ये गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला. एकाच घडीवर जर तुटते.

प्रश्न : आई अंगणवाडी सेविका होती. तिच्या नावाने गावच्या शाळेत २५,००० रुपये ठेवून दरवर्षी बक्षीस द्यायचे आहे. योग्य होईल का? (वाचक, चाळीसगाव)

उत्तर : योग्य आहे, फक्त हिशेब आधी पाहा. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १,६२५ रुपये व्याज येते. सगळे वाटले तर मुद्दल तेवढेच राहते आणि दहा-पंधरा वर्षांत बक्षिसाला किंमत उरत नाही. एक हजाराचे बक्षीस द्या आणि उरलेले व्याज मुद्दलात टाकत राहा. ठेव मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक नावाने कधीच नको, त्यांची बदली होते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, ठेव शाळेच्या खात्यावर ठेवा, ठरावात निकष लिहा आणि शाळा बंद किंवा विलीन झाली तर रक्कम कुठे जाईल तेही लिहा. निकष ‘पहिला क्रमांक’ एवढाच नको. त्याला बाकीची बक्षिसे मिळतातच. आईचे काम पोषणाचे आणि लहान मुलांचे होते. वर्षभर हजेरी टिकवलेल्या मुलीला दिले तर त्या कामाशी नाते राहते.

करसवलत हवी असेल तर शाळा किंवा संस्था त्यासाठी मान्यताप्राप्त आहे का ते विचारा. रोख २,००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीवर आणि वस्तुरूप देणगीवर सवलत नाही. नवीन करप्रणाली निवडली असेल तर अशा देणगीवर सवलत मिळतच नाही.

आईच्या जुन्या नोंदवह्या घरी असतील तर त्या शासकीय दस्तऐवज आहेत, कार्यालयाला कळवा. स्मरणलेखात त्यांतली मुलांची नावे, वजने किंवा ‘तीव्र कुपोषित’ अशा नोंदी छापू नका. ती मुले आज त्याच गावात मोठी झाली आहेत. त्याऐवजी काम कसे चाले ते लिहा : महिन्याचे वजन कोणत्या काट्यावर, दंडघेर मोजायची तिरंगी पट्टी कशी वापरायची. तांबडा म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, पिवळा साडेबारापर्यंत, हिरवा त्यावर. तांबड्यात आलेल्या मुलाच्या घरी ती त्याच संध्याकाळी जायची की दुसऱ्या दिवशी, हे गावातल्या आयांना विचारा.

प्रश्न : आजीच्या बायबलमध्ये समासात बारीक अक्षरात तारखा आणि टिपणे आहेत. कागद इतका पातळ की मागचे छापील अक्षर फोटोत उमटते. (वाचिका, अहिल्यानगर)

उत्तर : फोटो काढताना पानाच्या मागे काळा कागद सरकवा, मागची अक्षरे दबतात. टिपणांची सूची करा : पुस्तक, अध्याय, वचन, तारीख, टिपण. मग तीच सूची तारखेच्या क्रमाने लावा. कोणत्या आजारपणात, कोणाच्या मृत्यूत, कोणत्या दुष्काळात त्या काय वाचत होत्या ते ओळीने दिसते. भाषांतर कोणते तेही नोंदवा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेले पंडिता रमाबाईंचे भाषांतर आणि बायबल सोसायटीचे भाषांतर यांत शब्द वेगळे आहेत, त्यामुळे आजीने अधोरेखित केलेले वचन दुसऱ्या प्रतीत शोधताना गोंधळ होतो. सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर किंवा जुन्या-नव्या कराराच्या मधे जन्म, बाप्तिस्मा, लग्ने लिहिलेली असतील तर त्या पानांचा फोटो वेगळा काढून चर्चच्या नोंदवहीशी ताडून पाहा. तफावत निघाली तर दोन्ही तारखा लिहा, बायबलमधली खोडू नका. गीतपुस्तक असेल तर आवडत्या गीताचा नुसता क्रमांक न देता पहिली ओळही द्या. आवृत्ती बदलली की क्रमांक बदलू शकतो.